‘चौथा सोडून दे’ म्हणणाऱ्यांस खुलं पत्र

‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ ही मालिका पाहिलेल्या, आणि नव्यानं पाहायला बसणाऱ्यांच्या हातात ‘हे बघ, ते नको बघू’ अशी यादी ठेवणाऱ्या समस्त जाणकारांस,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारी भाची माझ्याकडे राहायला आली होती. यंदा तिचं कॉलेजचं पहिलं वर्ष. हॉस्टेलवर असते, आणि मेसच्या आमटीला कंटाळली की ‘मावशी, येऊ का गं?’ असा फोन येतो. पलंगावर लॅपटॉप, मांडीवर पोह्यांची बशी. मी स्वयंपाकघरात होते. लॅपटॉपमधून बराच वेळ कुणाचं बोलणंच ऐकू येईना, नुसतं संगीत. तेवढ्यावरून ओळखलं, ‘बफी’चा ‘हश’ हा भाग लागलाय. चहा घेऊन बाहेर आले तर पडद्यावर ती काळ्या सुटातली, टकली, दात विचकून हसणारी माणसं जमिनीपासून वीतभर वर तरंगत चाललेली, आणि हिच्या कपाळावर आठ्या.

‘मावशी, ही टारा कोण? आणि ऑझ कुठं गेला?’

‘मागच्या भागात काय बघितलंस?’

‘शाळा उडवतात ना, तो.’

म्हणजे तिसऱ्या सीझनचा शेवट. मधले नऊ भाग बाईसाहेबांनी गिळून टाकले होते. तिच्या कुठल्याशा सीनियरनं दिलेली यादी तिनं मला दाखवली. चौथ्या सीझनपुढे दोनच आकडे होते, १० आणि २२. खाली एक वाक्य: बाकी सोड, वेळ वाया जाईल. बावीस भागांतले वीस खलास.

ती सीनियर मला माहीत नाही, पण ही यादी मी गेली पंधरा-वीस वर्षं पाहत आले आहे. कधी दोन भाग, कधी चार, फार दिलदार माणूस असेल तर सहा. म्हणून हे पत्र त्या मुलीला न लिहिता तुम्हा सगळ्यांना लिहिते आहे.

ज्यांच्या हाती हे पत्र चुकून पडलं असेल त्यांच्यासाठी दोन ओळी. कॅलिफोर्नियातलं सनीडेल हे काल्पनिक गाव नरकाच्या तोंडावर वसलेलं, त्यामुळे तिथे रक्तपिशाच्चांचा आणि राक्षसांचा सुकाळ. त्यांना मारायचं काम नशिबानं गळ्यात पडलेली शाळकरी मुलगी म्हणजे बफी समर्स. मालिका मार्च १९९७ मध्ये सुरू झाली, सात सीझन, १४४ भाग चालून मे २००३ मध्ये संपली. पहिले तीन सीझन शाळेत. शाळेचं वाचनालय हा यांचा अड्डा, ग्रंथपाल जाइल्स हा गुरू, विलो आणि झँडर हे जिवाभावाचे दोस्त. तिसऱ्या सीझनच्या शेवटी गावचा महापौर भलामोठा सर्प होतो आणि त्याला मारण्यासाठी हे लोक अख्खी शाळा सुरुंग लावून उडवतात. (तो भाग ठरल्यापेक्षा दीड महिना उशिरा, जुलै १९९९ मध्ये दाखवला गेला, कारण एप्रिलमध्ये कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार झाला होता.) चौथा सीझन ५ ऑक्टोबर १९९९ ते २३ मे २००० असा चालला. त्यात बफी कॉलेजात जाते. झालं एवढंच.

आता तुमच्या तक्रारी. त्यातल्या बहुतेक मला मान्य आहेत, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाद कमी होईल.

ॲडम कंटाळवाणा आहे. माणूस, राक्षस आणि यंत्र यांचे तुकडे जोडून केलेला, छातीत फ्लॉपी घालायची सोय असलेला खलनायक. निसर्ग म्हणजे काय, माणूस म्हणजे काय यावर तो प्रवचन देतो तेव्हा मी आजही भांडी घासून येते. त्याच्याआधीचा महापौर हसतमुख, घरंदाज, जंतूंना घाबरणारा; त्याच्यापुढे हा म्हणजे सरकारी पुतळा. कॉलेजच्या वसतिगृहाखाली लपवलेली ती लष्करी प्रयोगशाळा, ते ‘इनिशिएटिव्ह’, एखाद्या मॉलचं तळघर वाटतं. बिअर पिऊन पोरांचे आदिमानव होतात तो ‘बिअर बॅड’ बघताना मला मालिकेची लाज वाटली होती. त्याची तर कथाही गमतीची. अमली पदार्थांविरुद्ध संदेश देणाऱ्या मालिकांना तेव्हा अमेरिकी सरकारच्या एका कार्यालयाकडून पैसे मिळत, ते मिळावेत हा त्या भागामागचा एक विचार होता. कार्यालयानं ते नाकारले, कारण त्यांना ही भुताखेतांची गोष्ट खऱ्या पोरांच्या आयुष्याशी जुळणारी वाटली नाही. घ्या! आणि थँक्सगिव्हिंगच्या भागात तिथल्या मूळ रहिवाशांचा, चुमाश लोकांचा, सूड घ्यायला उठलेला आत्मा ज्या तऱ्हेनं दाखवलाय, ते आज बघवत नाही. तुम्ही ‘पँग्ज’ वगळायला सांगता तेव्हा याच कारणानं सांगत असाल तर मी तुमच्याशी भांडणार नाही.

बफीचा प्रियकर एंजल गेला, शाळेतली कॉर्डेलिया गेली, दोघं दुसऱ्या मालिकेत. वाचनालय उडालं. जाइल्स बेकार. सगळे पांगले. ‘पहिल्यासारखी मजा राहिली नाही’ हे तुमचं वाक्य मी शंभरदा ऐकलंय. बरोबर आहे. राहिली नाही. पण हे वाक्य बफीच्याही तोंडचं आहे की हो! पहिल्याच भागात ती दुसरं काय म्हणत असते?

त्या पहिल्या भागाकडे, ‘द फ्रेशमन’कडे, तुम्ही नीट बघितलंय असं मला वाटत नाही. ज्या मुलीनं गेल्या वर्षी सर्पाला हरवलं तिला कॉलेजात वर्ग सापडत नाही. भरल्या वर्गात मास्तर तिला झापून बाहेर काढतात. विलोचे डोळे मात्र नव्या पुस्तकांसारखे चमकताहेत, तिला हे सगळं मानवलंय, आणि बफीला मैत्रिणीचा आनंद बघून आणखीच एकटं वाटतं. रात्री तिला एडी नावाचा मुलगा भेटतो, तोही तिच्यासारखाच रस्ता चुकलेला. घर सोडून आल्यापासून एक पुस्तक तो उशाशी ठेवतो, तेवढाच आधार. दुसऱ्या दिवशी त्याची खोली रिकामी. चिठ्ठी: मला झेपत नाही, मी चाललो. सगळे मान डोलावतात, असं होतंच की पहिल्या वर्षाला. बफी त्याच्या टेबलाचा खण उघडते. पुस्तक तिथंच.

हे ज्यांनी केलं त्या कॉलेजच्या व्हॅम्पायरांची पद्धत मला फार आवडते. नव्या पोरांना गाठायचं, मारायचं, सामान उचलायचं आणि निघून गेल्याची चिठ्ठी ठेवायची. चोरलेल्या सामानात भिंतीवरची चित्रंही असतात, आणि यंदा मोनेची कमळं जास्त मिळाली की क्लिम्टचं चुंबन, याचा हे लोक हिशेब ठेवतात! स्वतःला जगावेगळं समजणाऱ्या अठरा वर्षांच्या पोरांच्या खोल्यांत चित्रं दोनच, हे लिहिणारा माणूस हॉस्टेलवर राहिलेला असणार. आमच्या मजल्यावर ऐश्वर्या होती आणि हृतिक होता. मोजायला बसलो असतो तर हृतिक जिंकला असता.

त्या टोळीची म्होरकी संडे बफीला चोपते आणि तिची छत्री मोडते. ती साधी छत्री नव्हे. शाळेच्या शेवटच्या वर्षी मुलांनी ‘आमच्या वर्गाची राखणदार’ म्हणून दिलेली. शाळेतलं नाव कॉलेजात चालत नाही, हे एवढ्या कमी शब्दांत मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. अर्थात छत्री मोडल्यावर संडेचं काय होतं हे तुम्हाला ठाऊक आहेच.

पण मला खरं बोलायचंय ते यातल्या एका फोनबद्दल. त्याच भागात फोन वाजतो, बफी उचलते, हॅलो हॅलो करते, पलीकडून कुणी बोलत नाही. त्याच रात्री एंजलची नवी मालिका सुरू झाली, आणि तिच्यात कळलं की फोन त्याचा होता; तिचा आवाज ऐकला आणि ठेवून दिला. तुमच्यातले बरेच जण याला दोन मालिका जोडायची युक्ती म्हणतात. असेल. पण माझ्या मते अख्ख्या सीझनची किल्ली तिथं ठेवलेली आहे. हा न बोलण्याचा सीझन आहे. एकमेकांपासून चालत दहा मिनिटांवर राहणारी, एकमेकांसाठी जीव देणारी माणसं वर्षभर एकमेकांना काहीही सांगत नाहीत.

मोजून बघा. एंजल बफीला वाचवायला गुपचूप सनीडेलला येतो (त्याच बदनाम ‘पँग्ज’मध्ये), विलोला माहीत, जाइल्सला माहीत, झँडरला माहीत, जिच्यासाठी आला तिला सोडून सगळ्यांना माहीत. रायली, बफीचं नवं प्रेम, दिवसा मानसशास्त्राच्या बाईंचा मदतनीस आणि रात्री भूमिगत सैनिक. बफी दिवसा विद्यार्थिनी आणि रात्री स्लेयर. दोघं एकमेकांना रात्रीबद्दल थापा मारतात. विलो तिच्या नव्या प्रेयसीबद्दल, टाराबद्दल, कितीतरी महिने बफीजवळ अवाक्षर काढत नाही. जाइल्सला तर बफीचं नवं प्रेम आणि ती प्रयोगशाळा, दोन्ही सगळ्यांच्या शेवटी कळतं. आदल्या वर्षापर्यंत ज्याला विचारल्याशिवाय पान हलत नव्हतं, तो माणूस. वर त्या मानसशास्त्राच्या बाई, प्राध्यापिका मॅगी वॉल्श, त्याच्याच तोंडावर म्हणते की मुलीला बापाची माया मिळालेली दिसत नाही! पुढे त्याच भागात एक जुना वैरी त्याला राक्षस करून टाकतो. शिंगं फुटलेला जाइल्स रस्त्यावर त्या वॉल्शबाईंना नुसता घाबरवायला गाडीतून उतरतो, पाठलाग करतो, आणि समाधानानं परत येऊन बसतो, ते मिनिटभर मी कितीही वेळा बघू शकते. निवृत्त मास्तरांचा राग इतका गोड कुणी दाखवलाय?

आणि याचा कळस म्हणजे फेथ. पंधराव्या-सोळाव्या भागात फेथ, बफीसारखीच पण वाट चुकलेली दुसरी स्लेयर, बेशुद्धीतून उठते आणि बफीशी शरीराची अदलाबदल करते. बफीच्या शरीरात फेथ सगळीकडे हिंडते. विलोला कळत नाही. झँडरला नाही. जाइल्सला नाही. रायली तिच्यासोबत रात्र काढतो, त्यालाही नाही. ओळखतं कोण? टारा. जी बफीला आयुष्यात पहिल्यांदा भेटते आहे ती. आता सांगा, हे भाग वगळून ‘रेस्टलेस’ हा बाविसावा भाग बघणाऱ्या मुलीला, तिथे टारा वाटाड्या म्हणून का येते, हे काय कळणार?

‘हश’कडे येते, कारण तो तर तुमच्या सगळ्यांच्या यादीत असतो. १४ डिसेंबर १९९९. चव्वेचाळीस मिनिटांतली सत्तावीसेक मिनिटं संवादच नाहीत. मालिकेच्या संवादांचंच कौतुक होतं म्हणून मालिकेचा कर्ता जॉस व्हीडननं मुद्दाम बिनसंवादाचा भाग लिहिला, आणि गंमत म्हणजे लेखनासाठी मालिकेला मिळालेलं एकमेव एमी नामांकन त्यालाच. (व्हीडनचं नाव आल्यावर एक सांगायलाच हवं. कॉर्डेलियाचं काम करणाऱ्या करिस्मा कार्पेंटरनं २०२१ साली सेटवरच्या त्याच्या वागण्याबद्दल जाहीरपणे लिहिलं आणि टाराचं काम करणारी अँबर बेन्सन तिच्या पाठीशी उभी राहिली. तेव्हापासून ‘एकट्याची प्रतिभा’ वगैरे बोलताना माझी जीभ अडखळते. जेन एस्पेन्सन, मार्टी नॉक्सन, डग्लस पेट्री, डेव्हिड फ्युरी यांनीही हा सीझन लिहिलाय, ते निदान विसरू नका.)

तर ‘हश’. गावाचे आवाज एका पेटीत कोंडले जातात. भाग बघून भाची म्हणाली, ‘भारी आहे, पण भीतीशिवाय काय आहे यात?’ तिची चूक नाही. आवाज जायच्या आधी ही माणसं आवाज असून काय करत होती ते तिनं पाहिलंच नव्हतं. कॉलेजातल्या त्या हौशी जादूटोणा मंडळात विलो मोठ्या आशेनं जाते आणि तिथल्या मुली केक विकून निधी कसा जमवायचा यावर बोलत बसतात. खऱ्या मंत्राचं नाव काढलं की हसतात. कोपऱ्यातली एक मुलगी, हीच टारा, काहीतरी सांगायला तोंड उघडते, अडखळते, गप्प होते. विलोचा प्रियकर ऑझ चार भागांपूर्वी निघून गेलाय, विलो आतून फुटलीय, ‘अजून किती दिवस रडणार’ असा भाव मित्रांच्या चेहऱ्यावर हळूहळू यायला लागलाय. हे ठाऊक असेल तर त्या दोघी दाराशी शीतपेयांचं जडशीळ यंत्र सरकवायला बघतात, एकटीला जमत नाही, हात हातात घेतात आणि ते फाडकन जाऊन दाराला आदळतं, तेव्हा अंगावर काटा येतो. ठाऊक नसेल तर ते नुसतं यंत्र.

आणि शेवट. घंटाघरात बफी आणि रायली हातात शस्त्रं घेऊन समोरासमोर आलेत, दोघांची गुपितं फुटलीत. बफी खुणेनं सांगते पेटी फोड, रायली भलतीच बरणी फोडतो. मग पेटी फुटते, आवाज परत येतात. दुसऱ्या दिवशी दोघं खोलीत बसतात. आता बोलायला हवं, असं ठरतं. आणि दोघांना एक शब्द सुचत नाही. तिथं भाग संपतो. तुम्ही यादीत हा भाग ठेवता आणि ज्याच्यावर तो उभा आहे ते नऊ भाग काढता, म्हणजे पुरणपोळीतलं पुरण काढून ताटात वाढण्यासारखं झालं. गोड लागेल, पोळी नव्हे.

आता थोडं माझं. अमेरिकेत हा सीझन मे २००० मध्ये संपला आणि त्याच जूनमध्ये मी मंगळवेढ्याहून पुण्याला हॉस्टेलवर आले. मला तेव्हा बफी कोण हे माहीतही नव्हतं. पाहिला तो सहा-सात वर्षांनी, नोकरीला लागल्यावर, ऑफिसातल्या एकानं दिलेल्या सीड्यांवर. सीड्या अडकायच्या. दुसरा भाग अडकत अडकत बघितला तो अजून लक्षात आहे. बफीची खोलीतली जोडीदारीण कॅथी: अंड्यांवर नाव लिहून ठेवणारी, गायिका शेरचं एकच गाणं दिवसभर लावणारी, पायाची नखं कटकट कापत बसणारी. बफीला वाटतं ही बया राक्षस आहे. सगळे तिलाच वेड्यात काढतात. आणि ती निघते खरोखरच राक्षस.

माझ्या खोलीतली मुलगी शेंगदाण्याच्या चटणीच्या बरणीवर स्केचपेननं रेघ मारायची. रोज जेवण झालं की बरणी उजेडाकडे धरून पातळी बघायची, नवी रेघ, शेजारी तारीख. मी सगळ्यांना सांगत फिरायचे, कसली चिक्कू आहे बघा. रेघेखाली चटणी गेली होती ती मीच खाल्ली होती, दोनदा, हे मात्र कुणाला सांगितलं नाही. तिलाही नाही. ती आता नाशिकला असते, तिच्या मुलाच्या मुंजीला गेले होते, तेव्हाही नाही.

कॅथीची खरी गोष्ट शेवटच्या दोन मिनिटांत कळते, आणि मालिका ती विनोद म्हणून उडवून लावते. ती तीन हजार वर्षांची आहे, आणि कॉलेज करायचं म्हणून आपल्या लोकातून पळून आली आहे. बफीचा आत्मा ती चोरत असते तो घरच्यांनी चुकून आपल्याऐवजी हिला उचलून न्यावं म्हणून. मग जमीन फाटते, बाप येतो, ती त्याच्याशी तावातावानं भांडते की मी नऊशे वर्षांची असल्यासारखं मला वागवू नका, आणि तो तिला घेऊन जातो. मी हसले होते. हसता हसता आमच्या मजल्यावरची सात नंबरच्या खोलीतली मुलगी आठवली. फेब्रुवारीत तिचे वडील जीप घेऊन आले, स्थळ चांगलं आहे म्हणाले. ती खाली उभी राहून वाद घालत होती, आम्ही वरच्या कठड्यावरून बघत होतो. तिची गादी जीपच्या टपावर बांधली. परीक्षा दीड महिन्यावर होती. असो.

तेव्हा हॉस्टेलसमोरच्या एसटीडी बूथवर रात्री दर उतरायचे म्हणून रांग लागायची. मागची मुलगी ऐकतेय, समोर मीटरचे लाल आकडे पळताहेत. ‘जेवलीस का?’ ‘हो.’ ‘अभ्यास?’ ‘चाललाय.’ ‘बरी आहेस ना?’ ‘हो, सगळं छान.’ पहिल्या वर्षाचे दहा महिने मी आईला याखेरीज काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं पुष्कळ होतं.

म्हणून त्या सीझनमध्ये बफीची आई जवळजवळ दिसतच नाही, ही तुमची तक्रार मला समजत नाही. न दिसणं हेच तर दाखवायचंय. पहिल्या भागात बफी घरी जाते तर तिच्या खोलीत आईनं गॅलरीची खोकी रचून ठेवलीत. मग कित्येक भाग आई नाही. मग फेथ तिला गाठते आणि टोचून सांगते की तुझी लेक आता नव्या आयुष्यात रमली, तू आणि मी मागे राहिलो. आणि ‘रेस्टलेस’मध्ये, स्वप्नात, कॉलेजच्या भिंतीला भगदाड आहे आणि आत आई राहते. मी मजेत आहे गं इथे, म्हणते. बफी म्हणते, तू इथे राहावंस असं मला वाटत नाही. तेवढ्यात जिन्यावर झँडर दिसतो आणि ती निघून जाते. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत, पाचव्या सीझनमध्ये, ती घरी येते तेव्हा आई कोचावर गेलेली असते. तो भाग तर तुम्ही सगळे डोक्यावर घेता. त्यातलं अर्धं रडू या भिंतीतल्या बाईचं आहे.

आणखी एक माणूस: झँडर. तो कॉलेजला जातच नाही. आईबापाच्या घराच्या तळघरात भाडं देऊन राहतो, आज पिझ्झा पोचव, उद्या दारूच्या गुत्त्यावर उभा राहा, परवा आइस्क्रीमची गाडी चालव. शिकायला गेलेल्यांच्या गप्पांत त्याला अर्धं कळत नाही आणि तो विनोद करून वेळ मारून नेतो. ‘रेस्टलेस’मधल्या त्याच्या स्वप्नात तो कुठूनही पळाला तरी परत त्याच तळघरात येतो आणि वरून कुणीतरी दार वाजवत असतं. दिवाळीत गावी गेल्यावर स्टँडवर भेटणारे, ‘काय मग, पुणेकर!’ म्हणून पाठीत धपाटा घालणारे वर्गमित्र आठवले की मला हा झँडर दिसतो. त्याच्यासाठी तरी वीस भाग ठेवा.

अखेरीस हे सगळं न बोललेलं फुटतं. विसाव्या भागात स्पाइक या व्हॅम्पायरला फार काही करावं लागत नाही. डोक्यात चिप बसवल्यामुळे त्याला माणसाला बोटही लावता येत नाही, म्हणून तो नुसता एकेकाच्या कानाशी लागतो. जाइल्सला: तुझी गरज उरली नाही. झँडरला: तू सैन्यात जावंस असं बफी आणि विलो म्हणत होत्या. विलोला: तुझ्या त्या नव्या नादाला तुझे दोस्त हसतात. यातलं एकही त्याला शोधून काढावं लागलं नाही, प्रत्येकाच्या मनात ते सप्टेंबरपासून पडून होतं. मग जाइल्सच्या घरी, जाइल्स पिऊन वरच्या मजल्यावर, जी खडाजंगी होते ती बघताना मला ॲडमची आठवणही येत नाही. त्याला मारायला चौघं मंत्रानं एका शरीरात येतात हे ठीकच. त्याआधी लिफ्टच्या बोगद्यातून दोरानं उतरताना बफी आणि विलो रडत एकमेकींना मिठी मारतात, सीझन माझ्यापुरता तिथं संपतो. लढाईच्या नंतर अख्खा एक भाग नुसत्या चार स्वप्नांना दिलाय. खलनायक मेल्यावर! कुठल्या वाहिनीनं आज हे करू दिलं असतं?

यानंतर बफीला धड कॉलेज मिळत नाही. आईचं आजारपण, धाकटी बहीण, घरचा खर्च. पाचव्या सीझनमध्ये ती नाव काढून घेते, सहाव्यात बर्गरच्या दुकानात टोपी घालून उभी राहते. कॉलेजात पूर्ण काढलेलं तिचं हे एकच वर्ष आहे, आणि तुम्ही ते नव्या पोरांना ‘वेळ वाया’ म्हणून सोडायला सांगता.

माझी मागणी फार नाही. ‘बिअर बॅड’ काढायचा तर काढा. ‘पँग्ज’पुढे इशारा लिहा. ॲडम बोलायला लागला की चहा टाका, असंही लिहा. बाकीचे भाग राहू द्या. आणि भाचीच्या त्या सीनियरनं हे वाचलं तर तिनं यादी दुरुस्त करून पुन्हा पाठवावी, पहिला आकडा १ असावा.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपली,
तळघरापासून घंटाघरापर्यंत सगळं बघितलेली एक मावशी

ता. क. भाचीला मी रविवारी रात्री पहिल्या भागावर परत नेलं. सोमवारी तिच्या मेसच्या वेळेत निरोप आला: ‘कॅथीवाला बघितला. बापानं नेलं ना गं तिला. मग तिची डिपॉझिट परत मिळाली असेल का?’ मी अजून उत्तर दिलेलं नाही. सात नंबरवालीच्या डिपॉझिटचं काय झालं, तेही आम्ही कुणी कधी विचारलं नव्हतं.